औषध काम करतंय

सिस्टर आली ती माझे कपडे घालून. म्हणजे अंगावर लांब बाह्यांचा गाऊन, हातांत एकावर एक दोन हातमोजे, डोळ्यांवर जाड चष्मा, नाकातोंडावर मास्क. हातातल्या ट्रेमध्ये एक पिशवी, त्या पिशवीत आणखी एक पिशवी, आणि तिच्यात टोमॅटोच्या सरबतासारखं लालभडक काहीतरी. मी समोर खुर्चीत अर्ध्या बाह्यांच्या शर्टात बसलेलो, पायांत चपला. वीसेक वर्षं मी तिच्यासारख्या अवतारात लोकांच्या स्वयंपाकघरांत शिरलोय. पाठीवर टाकी, हातात नळी, घरातल्या माणसांना म्हणायचं बाहेर व्हा, आणि सिंकखालच्या कपाटात डोकं घालायचं. एवढ्या वर्षांत त्या कपाटाला काय वाटत असेल हा विचार एकदाही माझ्या मनात आला नव्हता. आज आला. आज मीच कपाट होतो. "काका, हे कातडीवर सांडलं तर जखम होते, म्हणून एवढं सगळं घातलंय," सिस्टर म्हणाली. मी म्हटलं, "सांडलं तर जखम होते." ती म्हणाली, "हो." मी म्हटलं, "आणि तुम्ही ते माझ्या आत सोडणार." "शिरेत सोडणार. शिरेबाहेर नाही जाऊ द्यायचं. आग झाली, टोचल्यासारखं वाटलं तर लगेच सांगायचं, लाजायचं नाही." हा आवाज माझ्या ओळखीचा होता. पाण्याचे माठ झाकून ठेवा, पोरांना आत सोडू नका, वास दोन तासांत जाईल, घाबरायचं काही नाही. ज्याच्या घरात विष जायचं नसतं त्या माणसाचा आवाज.

मला नाव आहे, पण ते आता फक्त हॉस्पिटलवाल्यांना ठाऊक. बाकी सगळ्या गावाच्या फोनमध्ये मी 'झुरळवाला' म्हणून आहे. त्याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते याचं, की लोक मला मागच्या जिन्यानं बोलावतात, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. झुरळं सगळ्यांकडे असतात आणि कोणाकडेच नसतात. मी फवारा घेऊन आलो की बाई दारातच कुजबुजते, आमच्याकडे कधी नव्हती हो, ती खालच्यांकडून येतात. खालच्यांकडे गेलं की ती वरच्यांकडून येतात. आता माझ्या मानेत गाठ निघाली तर लोक त्याच कुजबुजीत बोलायला लागले. कॅन्सर हा शब्दसुद्धा तोंडातून काढत नाहीत. 'ते' म्हणतात. ते निघालं म्हणे. मी मोठ्यानं कॅन्सर म्हटलं की समोरचा इकडेतिकडे बघतो, जणू मी त्याच्या बैठकीच्या खोलीत झुरळ सोडलं.

गाठ सापडली ती मास्कच्या पट्ट्यामुळे. एका बेकरीच्या मागच्या खोलीत, पिठाच्या पोत्यांमागे वाकलो होतो, आणि पट्टा डाव्या बाजूला मानेत रुतला. मी पट्टा सैल केला. पुढच्या कामाला पुन्हा रुतला, मी पट्टा बदलला. मग मास्कच बदलला, चांगला महागातला घेतला. माझा हिशेब सरळ होता, दोन गोष्टी एकमेकींना घासत असतील तर नवी आलेली गोष्ट चुकीची. मान जुनी होती. शेवटी बायको म्हणाली, "पट्टा बदललात, मास्क बदललात, आता मान बदलणार का?" आणि बोट लावून बघितलं, आणि ते तिथून काढलंच नाही. तिचं बोट गार होतं. भांडी घासत होती मघाशी. त्या गार ओल्या बोटाखाली ती गाठ मला पहिल्यांदा माझ्या मानेपेक्षा वेगळी जाणवली, लिंबाएवढी, कडक, आणि अगदी निवांत.

डॉक्टर पोरगेलासा होता. मी त्याला माझ्या धंद्यातला पहिला प्रश्न विचारला, "शिरलं कुठून?" कारण सगळं तिथंच असतं. मोरीची जाळी, दाराखालची फट, किराण्याबरोबर आलेलं खोकं. वाट सापडली की निम्मं काम झालं. तो म्हणाला, "शिरलेलं नाही. बाहेरून काही आलेलंच नाही. तुमचंच आहे ते." मग त्यानं पेन घेऊन कागदावर गोळे काढले. एका गोळ्याचे दोन, दोनाचे चार. शरीर रोज जुन्या पेशी काढतं, नव्या करतं. नवी करताना जुनीची नक्कल उतरवायची असते, आत लिहिलेलं सगळं. एवढं उतरवायचं म्हणजे चुका होतातच. बहुतेक चुका जागच्या जागी दुरुस्त होतात. दुरुस्त झाली नाही तर पेशीला हुकूम असतो, मर. आणि ती निमूट मरते. "पण एखादीत चूक नेमकी त्या हुकमाच्याच जागी होते," डॉक्टर म्हणाला. "वाढीचा ब्रेक तुटतो, मरायचा हुकूम ऐकू येत नाही. तेवढ्यानंही भागत नाही, एकावर एक अशा बऱ्याच चुका साचाव्या लागतात. वर्षं जातात. मग ती नुसती वाढत सुटते, स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते, आणि जागा पुरेनाशी झाली की दुसरीकडे जाते." मी त्या कागदाकडे बघत राहिलो. हे वर्णन मी ऐकलेलं होतं. आमच्या सोसायटीचा चेअरमन. मुदत कधीच संपलेली, उतर म्हटलं तर ऐकू येत नाही, टाकीवरून स्वतःच्या फ्लॅटला वेगळी पाण्याची लाइन घेतलेली, आणि आता जिन्याखालच्या मोकळ्या जागेतही त्याचंच सामान. त्यालाही कोणी बाहेरून आणलेलं नाही. आम्हीच टाळ्या वाजवून निवडलेला.

पण मला याचा राग आला तो आलाच. चेअरमनचा नाही, तो जुना. मला बाहेरचं काहीतरी हवं होतं. जंतू, किडा, कोणाची नजर, काहीही, ज्याच्यावर नळी रोखता येईल असं. जन्मभर परक्यांना मारत आलो आणि शेवटी कळतंय काय, तर घरातलंच माणूस उलटलंय. बायकोनं डॉक्टरला तिथल्या तिथं विचारून घेतलं, "यांच्या त्या फवाऱ्यानंच ना?" डॉक्टर म्हणाला, "असूही शकेल, नसूही शकेल. एकेका माणसाचं नक्की सांगता येत नाही." तिनं माझ्याकडे असं बघितलं की त्यानं नक्की सांगितलंय. मेहुण्याचं वेगळंच. मेहुणा विमा विकतो आणि त्याला सगळं येतं. घरी येऊन माझ्याच खुर्चीत बसून म्हणाला, "भाऊजी, ही लढाई आहे. खचायचं नाही. कॅन्सर निम्मा मनात असतो." मी म्हटलं, "निम्मा मानेत आहे आणि निम्मा छातीत. मनातला कोणी तपासला?" तो म्हणाला, "बघा, हेच. हा निगेटिव्ह स्वभाव. हाच साचतो." म्हणजे फवाऱ्यानं झालेला नाही, ब्रेक तुटून झालेला नाही, मला मेहुणा आवडत नाही म्हणून झाला. तसं असतं तर लग्नाच्या मांडवातच झाला असता. आणि लढाई कसली. लढाईत समोरच्याला कळतं की लढाई चाललीय. मी कधी झुरळांशी लढलो नाही. मी औषध मारतो, सही घेतो, निघतो.

पिशवीतलं लाल नळीतून खाली उतरत होतं. ते कोपरापर्यंत आलं, आत गेलं, आणि काहीच झालं नाही. मला वाटलं होतं काहीतरी होईल. मी सिस्टरला विचारलं, "हे तिथं मानेत बरोबर जाणार कसं? आमच्याकडे जेल असतं, झुरळ ते खाऊन घरी नेतं, तिथं बाकीची मरतात." ती हसली, म्हणजे मास्क हलला. म्हणाली, "हे हुशार नाही तेवढं. हे सगळीकडे जातं. याला कॅन्सर ओळखता येत नाही, याला एकच कळतं, कोण दोनाचे चार करतंय. जो त्या घाईत सापडेल त्याला मारायचं. कॅन्सरला जास्त घाई असते म्हणून तो जास्त मरतो." हे लाल आत जाऊन, पेशीत ते सगळं ज्या दोरीवर लिहिलेलं असतं ती दोरीच अडकवून तोडतं. दुसरी बाटली होती, पाण्यासारखी, ती सदाफुलीतून निघते म्हणे. पेशी दोन व्हायला निघाली की आतले धागे तिला दोन्हीकडे ओढतात, ही ते धागेच होऊ देत नाही. पेशी अर्धी इकडे अर्धी तिकडे अशी अडकून मरते. सदाफुली. आमच्या जिन्यात चार कुंड्या आहेत, कोणी पाणी घालत नाही तरी फुलते, मी येताजाता तिच्यात उरलेला चहा ओतत आलोय. "आणि बाकीचे घाईवाले?" मी विचारलं. सिस्टर बोटांवर मोजत म्हणाली, "केसांची मुळं. तोंडातलं, आतड्यातलं अस्तर. आणि हाडांत पांढऱ्या पेशी तयार होतात त्या. त्या म्हणजे तुमचे राखणदार, काका. पुढच्या आठवड्यात त्या अगदी कमी होतील. तेव्हा साधा ताप आला तरी लगेच फोन करायचा. शंभर पॉइंट चारच्या वर गेला की वाट बघायची नाही, गोळी घ्यायची नाही, थेट यायचं." मी हो म्हटलं. माझं अर्धं लक्ष मुतारीकडे होतं. तिथं गेलो तर सगळं लाल. पहिल्या क्षणी वाटलं रक्तच, मग आठवलं की हे सांगितलेलं आहे, औषधाचाच रंग आहे. मी त्या लाल धारेकडे बघून एकटाच हसलो. वीस वर्षांत मी कधी गिऱ्हाइकाला एवढा स्पष्ट पुरावा दिला नव्हता.

घरी परत आल्यावर मला एक विचित्र समाधान होतं आणि ते मी कोणाला सांगू शकत नव्हतो. सगळं मला कळत होतं. डॉक्टर म्हणाला होता, तीन आठवड्यांनी परत, असे सहा वेळा, कारण आत्ता ज्या पेशी स्वस्थ पडून आहेत त्यांना हे औषध लागत नाही, त्या उठून दोन व्हायला लागल्या की पुन्हा मारायचं. बायकोला हे पटेना. तिला वाटलं बिल वाढवतात. मी तिला समजावलं, झुरळाची मादी अंड्यांची डबी टाकते, तपकिरी, उडदाच्या दाण्याएवढी, तिच्यात औषध शिरत नाही. म्हणून मी तीन आठवड्यांनी परत जातो. लोक म्हणतात पैसे काढायला आला. बायको म्हणाली, "म्हणजे तुमच्या मानेत अंडी आहेत." मी म्हटलं, "तसंच समज." ती उठून आत गेली आणि बराच वेळ तिथं भांड्यांचा आवाज येत राहिला. उलट्या झाल्या, तोंड आतून सोललं, पाणीसुद्धा तिखट लागलं, आणि प्रत्येक वेळी मी मनात म्हणत होतो, बरोबर, हे अस्तर, हे घाईवाले. एकदा कपाटाचं काम कळलं की कपाट होणं सोपं जातं.

आणि मग पुढच्या आठवड्यात ताप आला. दुपारची वेळ, बायको बाहेर बाल्कनीत वाळलेले कपडे काढत होती. अंगावर आधी काटा आला, मग पाठीच्या कण्यातून गार काहीतरी वर चढलं, मग डोळ्यांच्या मागे गरम. थर्मामीटरनं एकशे एक दाखवला. आता इथं जे झालं ते माझ्या धंद्याशिवाय कळायचं नाही. फवारलं की पहिले दोन दिवस झुरळं जास्त दिसतात. फटींतून, ओट्यामागून, मिक्सरच्या बुडातून, भर दिवसा, झिंगल्यासारखी फिरतात. लोक घाबरतात, फोन करतात, तुम्ही काय मारलंत, ही तर वाढली. मी त्यांना सांगतो, ती मरायलाच बाहेर आलीत. औषध काम करतंय. खिडक्या उघडू नका, पुसू नका, थांबा. हे वाक्य मी इतक्या वेळा बोललोय की झोपेत बोलतो असं बायको म्हणते. आणि ते खरं असतं, दर वेळी खरं निघालेलं आहे. तर मी त्या एकशे एकाकडे बघितलं आणि मला आनंद झाला. खरंच झाला. आतली बाहेर यायला लागली. औषध काम करतंय. बाल्कनीतून तिनं विचारलं, "किती?" मी म्हटलं, "नॉर्मल." कारण सांगितलं असतं तर तिनं सिस्टरला फोन लावला असता, सिस्टरनं बोलावलं असतं, आणि चाललेलं काम मध्येच थांबलं असतं. घाबरट गिऱ्हाईक हेच करतं. खिडक्या उघडतं, सगळं पुसून टाकतं, आणि मग मला शिव्या घालतं. मी घाबरट गिऱ्हाईक नव्हतो. मी पांघरूण ओढून पडून राहिलो आणि दातांचा आवाज होऊ नये म्हणून उशीची कड दातांत धरली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकशे दोन झाला. छताच्या पंख्याला चार पाती आहेत की तीन हे मला ठरवता येईना आणि ते ठरवणं फार महत्त्वाचं आहे असं वाटत होतं. बायकोचा फोन टेबलावर वाजायला लागला. बुकिंग ती घेते, गिऱ्हाइकांकडे तिचाच नंबर असतो. ती आत इस्त्री करत होती. मी हात लांबवून घेतला. पलीकडे एक रिटायर्ड बाई, चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या. कीमो सुरू व्हायच्या आधी मी हट्टानं उरकलेलं शेवटचं काम त्यांचं.

"अहो, तुम्ही औषध मारून गेलात आणि माझं स्वयंपाकघर जास्तच भरलंय."

"बाई, बाहेर येतायत ना? येऊ द्या. औषध काम करतंय." माझा आवाज मलाच लांबून आला.

"काय काम करतंय? झुरळं केव्हाच मेली. एक शिल्लक नाही. मुंग्या आल्यात."

"मुंग्या?"

"लाल. सिंकखाली मेलेली झुरळं पडलीत त्यांच्यावर आल्या, आता डब्यांत शिरल्यात. आधी ओट्याच्या वर एक पाल असायची, ती काहीतरी खायची तरी. तीही मेली तुमच्या औषधानं. आता कोणी विचारणारंच नाही त्यांना."

त्या पालीला मी ओळखत होतो. ट्यूबलाइटच्या मागे असायची, पोट पांढरंफटक. बाई म्हणाल्या होत्या हिलाही घालवा, आणि मी म्हटलं होतं ती जाईलच आपोआप. ती तिथं बसून काय काम करते हे मी कधी विचारलं नव्हतं. हातमोजे घातलेल्या हाताच्या बोटांवर मोजत सिस्टर काहीतरी सांगत होती आणि मी मुतारीच्या दाराकडे बघत होतो, ते सगळं आत्ता एकदम ऐकू आलं, शब्द न् शब्द, राखणदार, अगदी कमी, वाट बघायची नाही. माझ्या अंगातून जे धावत होतं ते बाहेर पडत नव्हतं. ते आत येत होतं. रांगेनं, लाल, निवांत, कोणी विचारणारं नसलेल्या घरात येतात तसं.

"हॅलो? मग अजून थांबू म्हणता का?"

"थांबू नका," मी म्हटलं. "लगेच कोणालातरी बोलवा."

"कोणाला? तुम्हीच या ना."

"मी नाही येऊ शकत बाई. मला ताप आहे."

हे मी पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं, तर चौथ्या मजल्यावरच्या बाईंना. मान वळवली तर दारात बायको. हातात माझाच शर्ट, एक बाही इस्त्रीची, एक चुरगळलेली. तिनं विचारलं, "किती?" मी म्हटलं, "एकशे दोन." "केव्हापासून?" "काल दुपारपासून." ती काही बोलली नाही. मीठ कमी पडलं तर पाऊण तास बोलणारी बाई, एक अक्षर नाही. तेव्हा मला कळलं की मी मरू शकतो. डॉक्टरनं कागदावर काढलेल्या गोळ्यांनी कळलं नव्हतं. फोनमधून बाई ओरडत होत्या, माझ्या मुंग्यांचं काय. बायकोनं फोन माझ्या हातातून घेतला, "साखरेचा डबा पाण्याच्या ताटात ठेवा," म्हणाली आणि कट केला. मग त्याच फोनवर हॉस्पिटलला सांगितलं आम्ही निघालोय, मग टॅक्सी. तो अर्धा इस्त्रीचा शर्ट तिनं मला घातला. बटणं लावताना तिची बोटं गरम लागली, इस्त्रीमुळे असतील.

टॅक्सीत मी तिला दोनदा म्हणालो, "मला वाटलं औषध काम करतंय." ती खिडकीबाहेर बघत होती. हॉस्पिटलात त्यांनी रक्त काढलं, ते कुठंतरी पळत नेलं, आणि रिपोर्टची वाट न बघता सलाइनमधून अँटिबायोटिक चालू केलं. मग डॉक्टर आला. पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीतच म्हणाला. "अजून एक रात्र घरी काढली असती तर," म्हणाला आणि वाक्य तिथंच सोडलं. सिस्टर त्याच्या मागे उभी होती. ती म्हणाली, "काका, मी काय सांगितलं होतं?" मी म्हटलं, "वाट बघायची नाही." "मग?" मी तिला झुरळांचं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "नोकरी लागल्यापासून ताप लपवायची शंभर कारणं ऐकली. हे नव्हतं ऐकलं." त्यांनी मला एकट्याच्या खोलीत टाकलं. खोलीला काच. आत यायचं तर हात धुवायचे, मास्क, गाऊन, आणि तेही काम असेल तरच. ताप उतरेना. दोन दिवस उतरला नाही. भिंतीवरून रांगा चालायच्या, मी डोळे मिटले तरी चालायच्या. मेहुण्याचा मेसेज आला, वाघ आहात तुम्ही. वाघ पडल्या पडल्या लघवीच्या भांड्यात लघवी करत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी घाम फुटला, चादर भिजली, आणि पंख्याला चार पाती आहेत हे दिसलं, घरच्याला तीनच, म्हणजे हा पंखा वेगळा होता. सिस्टर रिपोर्ट घेऊन आली आणि म्हणाली, थोड्या आल्यात, राखणदार. हाडं आतून ठणकत होती, त्या पेशी वाढवायचं इंजेक्शन दिलं होतं त्यामुळे. काचेपलीकडे बायको खुर्चीत बसली होती, कालचीच साडी. तिनं फोन लावला. माझा फोन उशीशी वाजला. काचेतून तिचे ओठ आधी हलायचे, आवाज मागून यायचा.

"का नाही सांगितलंत?"

मी तिला सगळं नीट सांगितलं. पहिले दोन दिवस जास्त दिसतात ते, लोक खिडक्या उघडतात ते, पुसून टाकतात ते. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"आता खरं सांगा."

मी काचेकडे बघितलं. काचेत मी पण दिसत होतो, अर्धे केस उशीवर, अर्धे डोक्यावर. मी म्हटलं, "ताप औषधाचा नसला तर कशाचा, हे मला विचारायचंच नव्हतं. विचारलं असतं तर कोणीतरी उत्तर दिलं असतं."

"म्हणजे घाबरलात."

"हो."

"बरं झालं."

"बरं काय झालं त्यात?"

"तुम्ही अंडी काय सांगताय, सदाफुली काय सांगताय, लाल लघवी काय दाखवायला बोलावताय," ती म्हणाली. "मला वाटलं, या घरात घाबरणारी मी एकटीच. रोज भांडी आपटून आपटून हात दुखले माझे."

मला हसू आलं, पण तोंड सोललेलं होतं म्हणून ते अर्ध्यातच थांबवावं लागलं. तिनं विचारलं, "पुढचा डोस देतील?" मी म्हटलं, "पेशी वर आल्या की देतील. जरा कमी करून, आणि हे इंजेक्शन आधीच देऊन. अजून पाच आहेत." "त्यानं जाईल?" "असूही शकेल, नसूही शकेल." तिनं मान हलवली. मग खुर्ची ओढून काचेला अगदी चिकटून बसली, एवढी की तिच्या श्वासानं काचेवर वाफ धरली. फोन दोघांनीही कानाला धरून ठेवला. औषध द्यायची वेळ नव्हती, डॉक्टर यायची वेळ नव्हती, मेहुणा यायची तर नव्हतीच. तेव्हा आम्ही दोघं काचेच्या दोन बाजूंना बसून, घाई न करता, मनसोक्त घाबरलो.